फोटोवरचं ठिगळ

इतिवृत्त लिहिणं हे माझं काम आहे. बैठकीत जे झालं ते लिहायचं नसतं, जे व्हायला हवं होतं ते लिहायचं असतं, हे कळायला मला नोकरीतली पहिली चार वर्षं लागली. पुढची चोवीस वर्षं मी ‘सविस्तर चर्चा झाली’ आणि ‘उपस्थितांनी समाधान व्यक्त केले’ या दोन वाक्यांवर काढली. मी घनश्याम, झरीच्या तहसील कार्यालयात पुरवठा शाखेत असतो. मध्यंतरी सरकारनं आमच्या पदाचं नाव बदललं. अव्वल कारकून गेला आणि सहायक महसूल अधिकारी आला. खुर्ची तीच, टेबलाचा हलणारा पायही तोच. घरी विमल अजूनही मला कारकूनच म्हणते.

तीन वर्षांपूर्वी मी उमरपाणीच्या बंजारा तांड्यावर रेशन दुकान तपासायला गेलो होतो. दुकानदार पूनमसिंग राठोड. तांड्याचा नाईकही तोच. सत्तरीच्या आसपासचा, उंच, कमी बोलणारा माणूस. त्याचं दप्तर तालुक्यात सगळ्यांत चोख. प्रत्येक कार्डधारकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स क्रमानं लावलेली, एकही पान दुमडलेलं नाही. फक्त एका झेरॉक्सवर फोटोच्या जागी वहीच्या कागदाचा चौकोनी तुकडा डिंकानं चिकटवलेला होता.

“हे ठिगळ कायले लावलं, नाईक?”

“असू द्या साहेब.”

“असू द्या म्हंजे? फोटो दिसला पायजे.”

“नाव दिसते, नंबर दिसते. अजून काय पायजे?”

नाव होतं मानीबाई देवसिंग राठोड. देवसिंग हा पूनमसिंगचा धाकटा भाऊ, वारून बरीच वर्षं झालेली. म्हणजे मानीबाई त्याची भावजय आणि तो तिचा भासरा. तांड्यातल्या जुन्या बाया भासऱ्यासमोर तोंड उघडं ठेवत नाहीत, त्याच्याशी बोलतही नाहीत. हे मला माहीत होतं, पण झेरॉक्सलाही घुंगट असतो हे नवीन होतं. मी शेरा मारला: ‘एका प्रतीवर कागद चिकटवलेला आढळला. काढण्याची समज दिली.’ पुढच्या वर्षी गेलो तेव्हा ठिगळ जागेवर होतं. मी मागच्या वर्षीचाच शेरा उतरवून काढला.

त्या दुसऱ्या खेपेला मानीबाई स्वतःच दुकानात आली. अंगठ्याचं यंत्र दाराशी स्टुलावर ठेवलेलं होतं. ती अजून अंगणात होती, दाराकडे पाठ करून पूनमसिंग माझ्याशी बोलत होता, आणि बोलता बोलता तो उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मागून ओढणी हनुवटीपर्यंत ओढलेली बाई आली. तिनं बोट टेकवलं, यंत्र बोललं, यानं भिंतीकडे पाहतच तांदूळ मोजला आणि मागच्या मागे उंबऱ्यावर सरकवला. ती गेल्यावर तो वळला. ती येते आहे हे त्याला आधीच कसं कळलं, ते मी विचारलं नाही. तपासणीच्या नमुन्यात तसा रकाना नव्हता.

यंदा दिवाळीनंतर मानीबाईची बोटं यंत्राला ओळखू येईनात. कापूस वेचणाऱ्या बायांचं हे दर साली होतं. वाळक्या बोंडांच्या टोकांनी बोटांची सालं निघतात, रेषा पुसतात आणि वेचणी संपली की हळूहळू परत येतात. पण यंदा वरून आदेश आला होता की महिनाअखेर प्रत्येक कार्डधारकाची पडताळणी झाली पाहिजे. बोट चालत नसेल त्याचा चेहरा घ्यावा, आणि दोन्ही न जुळणाऱ्यांची नावं वगळावीत. मानीबाईच्या कार्डावर ती एकटीच. तिचं नाव गेलं की कार्डच बंद.

तिची सून उज्ज्वला तिला घेऊन माझ्या टेबलाशी आली. ही उज्ज्वला बचत गटाची अध्यक्ष, बारावी झालेली, डोक्यावर पदर न घेणारी आणि समोरच्याला वाक्य पुरं करू न देणारी.

“मुकुटबनच्या दुकानात नेलतं यायले,” ती म्हणाली. “तिथं कोनी भासरा नाही, सासरा नाही. तोंड उघडं केलं, डोळे मिटले, उघडले, मशीननं सांगतलं ते सारं केलं. तीन खेपा ‘जुळत नाही’ म्हनते.”

मी तिचं ओळखपत्र मागितलं. मानीबाईनं ओढणी कपाळावर सरकवली. मी तिच्या नात्यातला नव्हतो, तेव्हा माझी अडचण नव्हती. कपाळ तेच होतं, नाकही तेच. पण फोटोतल्या बाईच्या हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण होतं आणि माझ्यासमोरच्या बाईच्या हनुवटीवर काहीच नव्हतं.

“हा फोटो तुमचा नोहे,” मी म्हणालो.

“नाही जी. रामीचा हाय.”

रामीबाई ही तिची बहीण. बारा वर्षांपूर्वी तांड्याच्या शाळेत ओळखपत्रांचं शिबिर लागलं होतं. तेव्हा माणसं ओळखून सांगायला नाईक म्हणून पूनमसिंग फोटो काढणाऱ्या पोराच्या शेजारीच खुर्ची टाकून बसला होता. मानीबाईचा नंबर आला. बोटं द्यायला अडचण नव्हती. डोळ्यांचं यंत्र दुर्बिणीसारखं होतं, ते तिनं ओढणीच्या आत नेऊन डोळ्यांना लावलं. राहिला फोटो. पूनमसिंगनं तोंड फिरवलं, तरी भासरा हातभर अंतरावर असताना तोंड उघडायचं कसं? त्या दिवशी रामीबाई पाहुणी आली होती. पूनमसिंग तिचा कोणी लागत नव्हता. ती कानात म्हणाली, सरक, मी बसते, आपल्या दोघींचं तोंड सारखंच तर आहे. बाहेर दीडशे माणसं उभी, जनरेटरचं डिझेल संपत आलेलं. त्या पोरानं मान वर करून पाहिलंही नाही.

“तवा कोनाले माहीत होतं जी,” मानीबाई म्हणाली, “का पुढं चालून फोटोच मानूस होईन म्हनून.”

“मग रामीबाईले घेऊन या,” मी म्हणालो. बावळटासारखंच बोललो.

“रामी गेली. चार वर्षं झाले.”

या बाईला वाट होती, ती मला माहीत होती. यवतमाळच्या जिल्हा केंद्रात डोळे तपासणारं यंत्र आहे. बारा वर्षांनंतरही डोळे तेच असतात. पण तिथं पाठवायला तहसीलचं पत्र लागतं, आणि पत्रात चुकीचा फोटो कसा आला ते लिहावं लागतं. ते लिहिलं की दुसऱ्याच्या नावावर फोटोला बसणं, नाईक शेजारी असताना ते होणं, बारा वर्षं धान्य उचलणं, हे सगळं चौकशीत येणार. पत्राखाली सही माझी. मला निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. मी म्हणालो, “सध्या गप राहा. पाहू.”

“गप राह्यलं तर नाव कटते,” उज्ज्वला म्हणाली.

“बोललं तर गुन्हा दाखल होऊ शकते.”

“म्हंजे उपाशी राहा नाहीतर जेलात जा. तुमच्या हापिसात तिसरं काही भेटत नाही काय?”

मला तिचा राग आला. तिचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

त्याच आठवड्यात जनसंवादाचं पत्र आलं. चेहरा पडताळणी सगळ्या दुकानांत कायमची आणायची होती, त्या धोरणाचा मसुदा निघाला होता आणि लोकांचं म्हणणं ऐकायला समितीचा माणूस तालुक्यात येणार होता. जागा मुकुटबन, ग्रामपंचायतीचं सभागृह. सर्व दुकानदारांनी दप्तरासह हजर राहावं. सूचना व हरकती तिथल्या तिथे टॅबलेटवर नोंदवल्या जातील. इतिवृत्त मी लिहायचं होतं. पहिलं पान मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं.

समितीतून सुरभी मॅडम आल्या. पुण्याच्या, तिशीतल्या, पायात साधी चप्पल, आणि कोणालाही त्रास न देणाऱ्या. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली, मसुदा वाचला, खोट्या नावांवर उचललं जाणारं धान्य कसं थांबेल ते सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. ज्या गावांत मेलेल्या माणसांनी दहा-दहा वर्षं गहू नेला आहे ती गावं मला तोंडपाठ आहेत. मग त्या म्हणाल्या, “ज्यांना बोलायचंय त्यांनी आधी इथे टॅबलेटसमोर चेहरा दाखवायचा. म्हणजे खऱ्या नागरिकांच्याच सूचना नोंदल्या जातील. तुमची माहिती पूर्ण गोपनीय राहील.”

टॅबलेट स्टँडवर होता, मंचाच्या पायरीशी. मंचावर तहसीलदार साहेब, मॅडम आणि दुकानदारांतर्फे पूनमसिंग नाईक. कडेला टेबल टाकून मी.

मारोतराव म्हणून एक शेतकरी बोलले. त्यांच्या शेतात कापूस, सोयाबीन, तूर सगळं येतं, फक्त नेटवर्क येत नाही. “चेहरा पायजे तेवढा घ्या मॅडम, पन टॉवर द्या पहिले. मशीन हातात घेऊन आमचा दुकानदार बाभळीवर चढून राह्यला.” लोक हसले. मी लिहिलं: ‘पायाभूत सुविधांबाबत सूचना प्राप्त.’ असं सोळा जणांचं झालं. सतरावी उज्ज्वला उठली. टॅबलेटला चेहरा दाखवला, तो लगेच जुळला.

“मॅडम, माझा प्रश्न सोपा हाय. ज्याचा चेहरा मशीन घेत नाही, त्यानं हरकत कुठं नोंदवाची?”

“इथेच.”

“इथं तर आधी चेहरा लागते.”

मॅडमनी टॅबलेटकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “मुद्दा बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. तुमच्या नावावर त्यांचीही हरकत घेऊ.”

“माझ्या नावावर कायले? त्यायले स्वतःचं नाव हाय.”

आणि ती बाजूला सरली. मागच्या रांगेतून मानीबाई उठली. तेव्हा मला कळलं की हे सासू-सुनेचं आधीच ठरलेलं होतं आणि मला विचारायची त्यांना गरज वाटली नव्हती. मला भीती वाटली. तिच्यासाठी वाटली की स्वतःच्या सहीसाठी, हे मी आजही छातीठोक सांगू शकणार नाही.

मानीबाई दोन पावलं चालली असेल, तोच मंचावर पूनमसिंग उठला. त्यानं खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि सभागृहाकडे पाठ करून बसला. तहसीलदार साहेब दबक्या आवाजात म्हणाले, “नाईक, सभा इकडं हाय.” पाठ हलली नाही.

मग मानीबाईनं ओढणी वर केली आणि टॅबलेटसमोर उभी राहिली. डोळे मिटले, उघडले. ‘जुळत नाही.’ तीनदा झालं. पडद्यावर ओळखपत्रावरचा फोटो आला, सगळ्या सभागृहाला दिसेल एवढा मोठा. गोंदण ठळक दिसत होतं.

“मॅडम, थे माही बहीन हाय,” मानीबाई म्हणाली, आणि माझ्या टेबलाशी जे सांगितलं होतं ते सगळं तिथे सांगून टाकलं. आवाज बारीक होता, पण थांबला नाही. शेवटी म्हणाली, “बोटं माहेच होते. डोळे माहेच होते. धान्य मीच नेलं, दुसरं कोनी नाही नेलं. नाव नोका काटू.”

लिहिता लिहिता मी थांबलो. काय लिहावं ते सुचेना.

“पण हे गंभीर आहे,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक नव्हता, काळजीचाच होता. “कार्डाची प्रत दुकानदाराकडे असते. बारा वर्षं ते या बाईंना धान्य देतायत. फोटो त्यांचा नाही हे त्यांना दिसलं नाही? मग एक तर त्यांनी तपासलं नाही, नाही तर लपवलं.”

तहसीलदार साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. साहेब अडचणीत आले की माझ्याकडे पाहतात. मी उठलो, पूनमसिंगच्या पिशवीतलं दप्तर काढलं, पान शोधलं आणि मॅडमसमोर ठेवलं. ठिगळ तसंच होतं, कडा पिवळ्या पडलेल्या.

“हे काय आहे?”

“तपासणीत दोनदा शेरा मारला मी याच्यावर,” मी म्हणालो. “यानं फोटो पाह्यलाच नाही मॅडम. पाह्याचा नोहता म्हनून झाकला.”

मॅडमनी नखानं कागदाची कड तपासली. उचलली नाही. डिंक जुना होता, एकदाही निघालेला नव्हता. मग त्या पाठीला उद्देशून म्हणाल्या, “नाईक, या मानीबाईच आहेत, हे तुम्ही सांगू शकता?”

“मी तोंड नाही पाह्यलं तिचं,” पूनमसिंग भिंतीला म्हणाला. “एकोनचाळीस वर्षं झाले तिले घरात येऊन.”

कोणीतरी हसलं. मारोतरावांनी त्याला गप्प केलं.

“मग ओळखता कसं?”

“तिले चालाले सांगा.”

मॅडम हुशार होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मानीबाईला जागेवरच थांबवलं. आधी खुणेनं पहिल्या रांगेतल्या बेबीताईंना उठवलं. या मुकुटबनच्याच, कापूस पिकवणाऱ्या घरच्या. त्या मंचापासून दारापर्यंत चालून आल्या.

“हे आमच्या तांड्यातली नोहे,” पाठ म्हणाली.

मग उज्ज्वलाला खूण केली. ती चार पावलं चालली असेल.

“हे सून हाय. चप्पल घासते. घरात किती खेपा सांगतलं.”

आता कोणी हसलं नाही. मॅडमनी मानीबाईकडे पाहून मान हलवली. ती चालायला लागली. तेव्हा पहिल्यांदा मी तिचं चालणं ऐकलं. उजवं पाऊल पूर्ण पडत होतं, डावं अर्धं. फार वर्षांपूर्वी बैलगाडीचं चाक त्यावरून गेलं होतं, हे मला नंतर कळलं. ती दारापर्यंत पोचलीही नव्हती.

“हे मानी,” पूनमसिंग म्हणाला. “आमचीच मानी हाय. लिहून घ्या.”

तांड्यात तो तिला ‘देवसिंगच्या घरचं’ म्हणत असे. नाव घेऊन बोलताना त्याला कोणी ऐकलं नव्हतं. मानीबाई दारात थांबली आणि ओढणी खाली ओढली. ती रडत होती की नाही ते त्यामुळे कळलं नाही.

“टॅबलेटमध्ये हा पर्याय नाही,” मॅडम टॅबलेट चाळून म्हणाल्या.

माझ्या बॅगेत जुना छापील दाखला असतो. प्रतिष्ठित व्यक्तीनं ओळख पटवल्याचा. गेल्या कित्येक वर्षांत कोणी मागितलेला नाही. त्यात वाक्य आहे: ‘मी सदर व्यक्तीस समक्ष पाहून ओळखतो.’ मी ते पूनमसिंगला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “पाहून खोटं हाय. खोडा.” मी ‘समक्ष पाहून’ खोडलं, वर ‘पावलावरून’ लिहिलं, खोडाखोडीवर माझी सही केली आणि शिक्का मारला. अठ्ठावीस वर्षांत मी सरकारी कागदावर लिहिलेला हा पहिला खरा शब्द असावा. मॅडमनी साक्षीदार म्हणून खाली सही केली. त्यांना तसं करायची काहीच गरज नव्हती.

त्या दाखल्यावर यवतमाळचं पत्र निघालं, आणि मॅडमची सही असल्यानं चौकशीचं कोणी काढलं नाही. तिथे डोळे पहिल्या खेपेलाच जुळले. मुदत संपायच्या आदल्या दिवशी मानीबाईची पडताळणी झाली आणि नाव राहिलं. महिन्याभरानं स्वतःचा फोटो असलेलं नवं ओळखपत्र आलं. जुनं जमा करायचं असतं. तिनं ते ओढणीच्या गाठीतून काढलं, पण हातातून सुटेना.

“साहेब, रामीचा दुसरा फोटो नाही कोनापाशी.”

मी रजिस्टरला लिहिलं: ‘जुने कार्ड गहाळ.’ आणि तिला म्हणालो, “गाठ नीट मार.”

धोरण मार्चमध्ये मंजूर झालं. अहवालात आमच्या तालुक्याच्या वाट्याला दोन ओळी आल्या. एक्केचाळीस सूचना, प्रतिसाद सकारात्मक. उज्ज्वलाचा मुद्दा मॅडमनी लावून धरला असावा, कारण हरकत आता कागदावरही नोंदवता येते असं एक कलम आलं. बोट आणि चेहरा दोन्ही न चालणाऱ्यांचं नाव तीन महिने वगळायचं नाही, असंही एक आलं. पावलाचं कुठे काही नव्हतं. मी शोधलं.

नवी यंत्रं घेऊन मी स्वतः उमरपाणीला गेलो. यात माणसाचा चेहरा आणि जुना फोटो पडद्यावर शेजारी-शेजारी येतात. दुकानदारानं दोन्ही पाहायचे आणि ‘जुळते’ हे बटण दाबायचं. त्याशिवाय धान्य सुटत नाही. पूनमसिंगनं मला ते दोनदा करून दाखवायला लावलं. मग विचारलं, “फोटो बंद करता येते काय?”

“नाही येत.”

“वर कागद लावला तर?”

“कॅमेरा झाकला जाते. मशीन चालत नाही मग.”

त्यानं यंत्र पुसलं, खोक्यात परत ठेवलं आणि मला चहा दिला. सव्वीस वर्षांचा परवाना त्यानं दुसऱ्या दिवशी जमा केला. अर्जात कारण लिहिलं होतं: ‘घरच्या बाईचं तोंड पाहावं लागते.’ आमच्या संगणकात राजीनाम्याला चार कारणं आहेत: मृत्यू, वय, गैरव्यवहार, स्वेच्छा. मी ‘स्वेच्छा’ निवडलं. निवडताना लाज वाटली, आणि ती कुठे नोंदवावी हे मला माहीत नव्हतं.

दुकान उज्ज्वलाच्या बचत गटाला मिळालं. ताबा द्यायच्या दिवशी मी पंचनामा करत होतो. दप्तर एकेक पान मोजून उज्ज्वलाकडे जात होतं. मानीबाईच्या नव्या कार्डाची झेरॉक्स आली. तिच्यावरही ठिगळ होतं, कोऱ्या पांढऱ्या कागदाचं, ताज्या डिंकाचं. उज्ज्वलानं नखानं कड धरली.

“राहू दे,” मी म्हणालो. पंचनाम्यात लिहिलं: ‘झेरॉक्स प्रती दोनशे बारा, पैकी एक कागदासह.’

पूनमसिंग बाहेर ओट्यावर बसला होता. एकदम त्यानं बसल्या जागी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग मलाही ऐकू आलं. एक पूर्ण पाऊल, एक अर्धं. मानीबाई त्याच्या पाठीमागून दुकानात शिरली, आत आल्यावर ओढणी वर केली आणि सुनेच्या यंत्रासमोर उभी राहिली. उज्ज्वलानं बटण दाबलं आणि यंत्र म्हणालं, जुळते.

“उज्ज्वला,” बाहेरून पूनमसिंग म्हणाला, “तिचं पोतं कोनाच्या हातून घरी पोचव. पाय दुखते तिचा.”

मानीबाई तराजूपाशी थांबली. त्या सभेखेरीज भासऱ्याला ऐकू जाईल असं ती कधी बोललेली नव्हती. ती सुनेकडे पाहूनच बोलली, पण आवाज दाराबाहेर जाईल एवढा मोठा केला.

“सांग त्यायले, माहा फोटो चांगला आला.”

उज्ज्वलानं काही सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. मी दारातून पाहिलं. मला पूनमसिंगची फक्त पाठ दिसली.

“बरं झालं म्हना,” तो भिंतीला म्हणाला.